लिंबाजीच्या वाटेचा दावा

हिंगोली,
ता. १० जानेवारी १९३८

आजी,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. तुझ्या चष्म्याची मोडलेली काडी सोनाराकडून बसवून घेतली. लिंबाजीकाका आज गावी परत निघाला आहे, त्याच्याजवळच चष्मा आणि हे पत्र देतो.

सनद मिळून दीड वर्ष झालं, पण आजवर मी मोठ्या वकिलांच्या कागदांच्या नकलाच करत होतो. आता पहिला खरा दावा माझ्या हाती आला आहे, आणि तोही आपल्या साखरा गावचा. हकीकत तुझ्या डोळ्यांसमोरचीच आहे, तरी कायद्याच्या नजरेनं ती कशी दिसते ते सांगतो. लिंबाजीकाकाची एकशे चाळीस मेंढरं त्याच्या आज्याच्या काळापासून खाजा मियाच्या शेतातून ओढ्याच्या डोहावर पाण्याला जातात. दिवाळीनंतर खाजा मियानं त्या वाटेवर बाभळीचे काटे टाकून ती बंद केली. गावतळं चैत्रापर्यंत टिकतं. पुढे पाणी फक्त डोहात. वाट खुली झाली नाही तर काका कळप घेऊन वारंग्याकडे कायमचा निघून जाणार म्हणतो.

मुन्सफसाहेब म्हणाले, वहिवाटीचा दावा चालवायचा तर तीन वर्षं पेश्या पडतील. तेव्हा आधी दोन्ही पक्षांनी वकिलांसह एखाद्या मधल्या माणसापुढे बसून तडजोड होते का पाहा. दोघांनाही चालेल असा माणूस म्हणून हिरासिंग जमादार ठरले. ते पूर्वी जकातनाक्यावर होते, आता घरीच असतात. त्यांच्या ओसरीवर सत्तावीस तारखेला बैठक आहे.

खरं सांगू, तडजोड हा शब्द ऐकून मी थोडा खट्टू झालो. कोर्टासाठी एकवीस मुद्द्यांचं भाषण तयार केलं होतं. पण आता तेच भाषण ओसरीवर करीन. खाजा मियाला तोंड उघडायला जागा ठेवणार नाही. वाट किती जुनी आहे याची तुझ्याजवळ काही आठवण असली तर कळव, बाविसावा मुद्दा होईल.

तुझा,
नामाजी, वकील

---

साखरा,
पौष वद्य तृतीया, शके १८५९

नाम्या,

चष्मा पोचला. डाव्या कानाला टोचतो, पण अक्षर दिसून राहिलं, म्हणून तुझं पत्र माझं मीच वाचलं. तुझ्या आईला, कौशल्याला, दिलं न्हाई. ती साऱ्या गल्लीत वाचून दाखवत फिरली असती, आणि तुझ्या एकवीस मुद्द्यांची लाज मला एकटीलाच वाटली असती.

मी शाळेत गेले ती भावाची भाकर पोचवायला. दाराबाहेर बसून पंतोजी काय गिरवून घेतो ते बघायची आणि घरी चुलीच्या राखेत बोटानं काढायची. तेवढीच माझी विद्या. तू तर हैदराबादेत सात वर्षं राहिला, खाणावळीचं पाणीदार वरण खाऊन पोट बिघडवून घेतलं, काळा कोट शिवला. त्या कोटात तू यंदा पोळ्याला आला तेव्हा आपली बकरी बुजली होती, आठवतं का? ती आता गाभण हाय. माघात व्याईल.

तर मला सांग, सात वर्षांत तुला कोणी हे शिकवलं न्हाई का, की भांडायला जायचं वेगळं आणि जुळवायला जायचं वेगळं? मी या गावात अकरा सोयरिकी जुळवल्या. एकही बैठक मोडली न्हाई. आणि एकाही बैठकीत मी भाषण केलं न्हाई. आठ दिवस आधी मी पोरीच्या घरी जायची, काही काम काढून. ताक मागायला, चाळण मागायला. तिथं बसून बघायची की या घरात होय म्हणणारं तोंड कोणाचं हाय. पुष्कळदा बापाचं नसतंच. एखादी कोपऱ्यात वाती वळत बसलेली आत्या असते, तिनं मान हलवली की झालं. मग पोराच्या बापाला विचारायची, बाबा, तुला खरंच काय पाहिजे? तो म्हणायचा पोरगी गोरी पाहिजे. आणखी अर्धा घंटा बसलं की कळायचं, त्याला म्हातारीला दोन वेळ गरम भाकर घालणारी पाहिजे. मग मी गोरेपणाचं नावच काढायची न्हाई.

तू लिंबाजीला विचारलं का, बाबा तुला काय पाहिजे? न्हाई विचारलं. त्यानं वाट म्हटलं, तू वाट लिहून घेतली, अन् कायद्याचं पुस्तक उघडलं. आणि खाजाला काय पाहिजे ते विचारायचं तर तुझ्या मनातही आलं नसंल. त्यानं काटे काहून टाकले? शेत त्याच्या बापाच्या वेळेपासून तेवढंच हाय, वाटही तेवढीच हाय. तीन पिढ्या ज्याला मेंढरं खुपली न्हाईत त्याला यंदाच काहून खुपली?

मला विचारशील तर मला काही ठाऊक न्हाई. खाजाची बायको गौसिया गेल्या साली मार्गशीर्षात वारली, तेव्हापासून दोघांचं कुठंतरी बिनसलं. पुरुषांचं पुरुष जाणोत, मी कोण मधली. बकरीला तेवढी चांगली सरकी मिळाली तर पाठव.

आणि बाविसावा मुद्दा माझ्याजवळ न्हाई. होता तो एक मुद्दा तूच विसरला. लहानपणी तू ज्या बोरीखाली दिवसभर पडून राहायचा, ती बोर खाजाच्या बांधावरची हाय.

तुझी आजी,
पंचफुला

---

हिंगोली,
ता. २९ जानेवारी १९३८

आजी,

तुझं पत्र वाचून हसू आलं. सोयरीक आणि दिवाणी दावा यांत फरक आहे, पण तो पत्रात समजावणं कठीण.

बैठक उत्तम झाली. मी दीड तास बोललो. वहिवाटीचा कायदा, जुने निवाडे, गावनकाशा, सगळं मांडलं. वीस हात रुंदीची वाट मागितली, म्हणजे घासाघीस झाली तरी दहाबारा हात पदरात पडेल. त्यांचे वकील पानच चघळत बसले होते. खाजा मिया तर पूर्ण निरुत्तर झाला. एक शब्द बोलू शकला नाही. जमादारसाहेबांनी पुढची बैठक एक मार्चला ठेवली आहे. तोपर्यंत समोरचे नमतील असा माझा अंदाज आहे.

सरकी पाठवतो.

तुझा,
नामाजी

---

साखरा,
माघ शुद्ध पंचमी

नाम्या,

उत्तम झाली म्हणतोस. बैठकीला तिथं लिंबाजीही होता, हे तू लिहिताना विसरला. तो परवा माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी म्हटलं, काय रं, कसं झालं? तो म्हणाला, "काकू, आपला नाम्या लई हुशार. दीड घंटा बोलला. मला एक अक्षर समजलं न्हाई." मी म्हटलं, तू कुठं बसला होता? तर म्हणे, "दाराजवळ, जोड्यांपाशी."

हसू का रडू तेच मला कळंना, म्हणून दोन्ही केलं. ज्याची वाट, ज्याची मेंढरं, तो जोड्यांपाशी, अन् तू सतरंजीच्या मधोमध दोन पुस्तकं उशाला घेऊन. नवरदेवाला उकिरड्यावर बसवून करवल्यानं बोहल्यावर चढावं तसं झालं की हे.

पुढं लिंबाजीनं सांगितलं. खाजानं पानाचा विडा तुझ्याकडं सरकवला, तू कागदावरून मान वर केली न्हाई. विडा तिथंच सुकला. तू त्याला दीड घंट्यात एकदाही खाजाचाचा म्हटलं न्हाई, "मुद्दालेह" म्हणत होता. लिंबाजीला वाटलं ही उर्दूत काही शिवी असंल. मी म्हटलं न्हाई, ज्याच्यावर दावा केला त्याला कोर्टात तसं म्हणतात. तो म्हणाला, मग शिवीच झाली.

आणि खाजा निरुत्तर झाला न्हाई, लेकरा. बोरं खाऊन ज्याचे ओठ फाटायचे तो नाम्या त्या कोटात कुठं दिसतो का, ते तो माणूस दीड घंटा बघत होता. दिसला न्हाई, म्हणून उठून गेला. हे मला लिंबाजीनं सांगितलं न्हाई. मी खाजाला पन्नास वर्षं बघून राहिले, मला ठाऊक हाय तो गप्प कधी बसतो.

वीस हात वाट मागितलीस त्याचं तर मला नवलच वाटून राहिलं. मेंढरू काय हत्ती हाय? आठ हातांत कळप सुखानं जातो. तू वीस म्हटलं, त्या वेळेला खाजाच्या मनात काय आलं असंल? की हा पोरगा माझं शेत खायला आला. उगाच मोठं मागून मग खाली उतरायचं हे बाजारातल्या दलालाचं काम. सोयऱ्याच्या दारात मी असं कधी केलं न्हाई. मी घरूनच ठरवून जायची, काय सोडलं तर चालतं अन् काय सोडलं तर उठून यायचं. अन् समोरच्याला काय सोडता येतं तेही जोखून ठेवायची. समोरचा घरी जाताना त्याचं पागोटं सरळ राहिलं पाहिजे. वाकडं झालं तर लग्न होतं, पण पोरगी माहेरी पाठवत न्हाईत.

आणि बैठक मोडली तर दोघांचं काय होतं, याचा विचार केला का? लिंबाजीचं तू सांगितलंस, तो चैत्रात गाव सोडतो. खाजाचं काय? गेल्या साली लिंबाजीची मेंढरं त्याच्या शेतात बसली न्हाईत. जमिनीला लेंड्यांचं खत मिळालं न्हाई. यंदा त्याच्या ज्वारीची कणसं बघ, मुठीतही भरत न्हाईत. तो दावा जिंकला तरी शेत हरणार. ही गोष्ट तुझ्या एकवीस मुद्द्यांत होती का? न्हाई, कारण पुस्तकात लेंड्यांचं प्रकरण नसतं.

आता रागावू नकोस. तुझ्या नावाची चिठ्ठी आली की मला इतका आनंद होतो की मी चष्मा आधीच काढून ठेवते. पण पुढच्या बैठकीला कोट घालू नकोस. एक कोरा कागद ने, पुस्तक नेऊ नकोस. आणि उठण्याआधी जे ठरलं ते तिथंच लिहून अंगठे घे. सोयरिकीत आमी कुंकू लावल्याशिवाय उठत न्हाई. घरी जाऊन विचार करतो म्हटलं की घरची माणसं विचार करतात, अन् मग सगळं मुसळ केरात.

सरकी आली. बकरी तुझी आठवण काढून खाते.

आजी

---

हिंगोली,
ता. १८ फेब्रुवारी १९३८

आजी,

दहा दिवस तुला उत्तर लिहिलं नाही. पहिले चार दिवस राग होता. पुढचे सहा दिवस काय होतं ते सांगायला लाज वाटते.

तू म्हटलंस ते केलं. लिंबाजीकाका सोमवारी लोकर घेऊन बाजाराला आला होता. मी त्याला कचेरीत बोलावलं नाही, स्वतः बाजारात गेलो. हळदीच्या पोत्यांवर दोघं बसलो. पहिल्यांदाच मी वही न उघडता विचारलं, "काका, तुला खरं काय पाहिजे?"

त्यानं लोकरीतला एक काटा काढला. मग म्हणाला, "वाट तर पाहिजेच. पण भोऱ्या दोन वेळा त्या काट्यांपाशी जाऊन उभा राहिला, ते मला बघवत न्हाई."

भोऱ्या म्हणजे त्याचा म्होरक्या मेंढा. मग त्यानं जे सांगितलं ते मला कोणत्याच कागदात सापडलं नसतं. दर साली ज्वारी निघाली की त्याचा कळप सगळ्यांत आधी खाजाचाचाच्या शेतात तीन दिवस बसायचा. तो त्यांचा पहिला मान. पहिल्या दिवशी गौसियाचाची टोपलीत कणसं घेऊन बांधावर उभी राहायची आणि भोऱ्या तिच्या हातून खायचा. मगच कळप शेतात शिरायचा. गेल्या साली चाची वारली आणि काकानं कळप तिकडं न नेता पाटलाच्या शेतात नेला. त्यानंतर चाचा त्याच्याशी बोलला नाही, आणि दिवाळीनंतर काटे पडले.

मी विचारलं, "काका, नेला का नाहीस?" तो पुन्हा लोकर विंचरायला लागला. मी म्हटलं, "मी तुझा वकील आहे. तू सांगशील ते तुझ्या परवानगीशिवाय माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही." तेव्हा म्हणाला, "मला एकानं सांगितलं की ते दुःखाचं घर हाय, वर्षभर तिथं मेंढरांचा गोंगाट, कुत्री, हलकल्लोळ नेऊ नको. मला ते बराबर वाटलं. पण ज्यानं सांगितलं त्याचं नाव मी बैठकीत घेणार न्हाई. मेंढरं वारंग्याला नेईन, पण नाव घेणार न्हाई."

मी खूप विचारल्यावर त्यानं नाव सांगितलं. सांगताना माझ्याकडं बघितलं नाही.

आजी, तुझं नाव सांगितलं त्यानं.

मी तुला दोष देत नाही. पण या दाव्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट तुझ्याजवळ होती, आणि तू मला बकरीचं सांगत राहिलीस. एक मार्चला मला खाजाचाचाला सांगता यायला हवं की लिंबाजीनं मान मोडला नव्हता, उलट राखला होता. ते तुझ्या होकाराशिवाय मी सांगणार नाही. काकाला तसा शब्द दिला आहे. दोन ओळी लिहून पाठव. नाही म्हणालीस तरी चालेल. मग दुसरा मार्ग शोधीन, पण तो मला अजून दिसत नाही.

नामाजी

---

हिंगोली,
ता. २ मार्च १९३८

आजी,

तुझं उत्तर आलं नाही. बैठकीच्या सकाळपर्यंत टपालाची वाट पाहिली, मग कोट खुंटीला ठेवून निघालो. तुझा होकार नव्हता, म्हणून ती गोष्ट बोलायची नाही असं ठरवलं होतं.

आदल्या दिवशी मी त्यांच्या वकिलांच्या घरी गेलो होतो. म्हटलं, साहेब, उद्या पहिला अर्धा तास आपण दोघांनी बोलायचं नाही, त्या दोघांना बोलू द्यायचं, चालेल का? ते हसले. म्हणाले, "गेल्या खेपेला मी याचसाठी पान चघळत होतो. तुम्ही कधी थांबता त्याची वाट बघत होतो." तुला हे आवडेल म्हणून लिहितो.

लिंबाजीकाकाला मी सतरंजीवर मधे बसवलं, खाजाचाचाच्या समोर नाही, शेजारी. दोघांच्या पाठीमागं मी बसलो. चाचानं विडा सरकवला, मी घेतला, तोंडात घातला. बोलायचं नव्हतंच. जमादारसाहेबांना विनंती केली की आधी खाजाचाचांनी बोलावं. लिंबाजीकाकाची मान खाली होती. मला वाटलं, आता चाचा मान मोडल्याचं काढणार, काका गप्प बसणार, आणि मला तोंड मिटून सगळं बुडताना बघावं लागणार.

चाचा म्हणाला, "परवा पंचफुलाआपा माझ्या घरी आली होती."

आजी, विडा माझ्या घशात अडकला.

तो सांगत होता आणि जमादारांनी हुक्का बाजूला ठेवला. तू त्याच्या अंगणात गेलीस, सून जाहेदानं बाज टाकली तरी बसली नाहीस, उभ्याउभ्याच म्हणालीस, "खाजा, लिंबाजीला मी अडवलं होतं. आमच्यात दुःखाच्या घरी वर्षभर गडबड नेत न्हाईत, तुमच्यातही तसंच असंल असं मी धरून चालले. तुला न विचारता धरून चालले." चाचा म्हणाला, मी आपाला सांगितलं की आमचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला, घर पुन्हा चालू झालं. गौसियानं जाता जाता मला सांगितलं होतं की लिंबाजीच्या मेंढ्याला कणसं द्यायला विसरू नका. मी टोपली भरून तीन दिवस बांधावर बसलो. मेंढरं पाटलाच्या शेताकडं जाताना मला दिसत होती.

मग तो लिंबाजीकाकाला म्हणाला, "काटे टाकले ते वाट बंद करायला न्हाई. तू येऊन विचारशील, काहून टाकले म्हणून, याच्यासाठी टाकले. तू आला न्हाईस, तुझा वकील आला."

काका म्हणाला, "मला वाटलं तू मेंढरांना कंटाळला."

पुढचं लिहीत नाही. दोघंही म्हातारी माणसं आहेत, त्यांची लाज राखतो.

कोरा कागद काढला आणि तिथंच लिहिलं. पूर्वेच्या बांधानं आठ हात वाट. काटे खाजाचाचानं होळीच्या आत काढायचे. ज्वारी उभी असताना मेंढरं एका रांगेत न्यायची, कुत्री बांधून. ज्वारी निघाली की पहिले तीन दिवस कळप चाचाच्या शेतात. पाचवं कलम चाचानं सांगितलं: यापुढं काही भांडण झालं तर वकिलाकडं जाण्याआधी एकमेकांच्या दारात जायचं. त्यांचे वकील माझ्याकडं बघायला लागले. मी ते माझ्या हातानं लिहिलं, आणि बऱ्या अक्षरात लिहिलं. अंगठे झाल्यावरच सगळे उठले. आज मुन्सफसाहेबांनी कागद वाचून नोंद केली आणि दावा मिटवला.

एकवीस मुद्द्यांपैकी एकही वापरला नाही. पण एक विचारतो. तू मला दोन पत्रांत सगळ्यांना विचारायला शिकवलंस, आणि स्वतःचं मात्र सांगितलं नाहीस. उत्तरही दिलं नाहीस. का?

नामाजी

---

साखरा,
धुळवडीचा दिवस, शके १८५९

नाम्या, माझ्या लेकरा,

आज मला इतका आनंद हाय की तुझ्यावर नीट रागावताही येईना. तरी प्रयत्न करते.

आधी तुझ्या काहूनचं सांगून टाकते. तुझं पत्र आलं, ते मी तीनदा वाचलं. मग चष्मा काढून बकरीपाशी जाऊन बसले. ती त्याच दिवशी व्याली, दोन पाठी झाल्या, तर मी पाच दिवस तेच कारण सांगत घरातून निघाले न्हाई. गौसियाच्या दारावरून जायची वेळ आली की मी मागच्या बोळानं जायची, हे वर्षभर चाललं होतं. वर्षभर मला वाटत होतं की आपलं काही चुकलं. पण अकरा सोयरिकी जुळवणारी बाई चुकते कशी, म्हणून मी ते मनातल्या मनात लिंबाजीच्या नावानं टाकलं, मग खाजाच्या, अन् मग तू दावा घेतला तेव्हा तुझ्या काळ्या कोटाच्या. वकिलांवर हसायला लई सोपं असतं, हे मला या वयात कळलं. त्यांची पुस्तकं जाड असतात म्हणून ती दिसतात. माझं पुस्तक दिसत न्हाई. पण मीही त्यातूनच वाचून लिंबाजीला सांगितलं होतं की दुःखाच्या घरी असं करतात. खाजाला विचारलं न्हाई. तूही विचारलं न्हाई. तुझ्याजवळ निदान सनद तरी होती.

आणि दोन ओळी लिहून काहून दिल्या न्हाईत? दिल्या असत्या तर तू त्या बैठकीत वाचून दाखवल्या असत्या, अन् पुन्हा कागदच बोलला असता. मी तोंडानं चुकले होते, ते तोंडानंच निस्तरायला पाहिजे होतं. शिवाय मला बघायचं होतं की माझा होकार न्हाई आला तर तू काय करतो. तू गप्प बसला. दीड घंटा बोलणारा पोरगा गप्प बसला, अन् वाट उघडली. हे लिंबाजी आता गावभर सांगत सुटलाय, मी त्याला थांबवत न्हाई.

आता इकडचं. खाजानं काटे काढले, पण टाकून दिले न्हाईत. पोरं होळीला लाकडं मागत फिरत होती, त्यानं सगळे काटे गाडीत भरून चव्हाट्यावर आणून दिले. काल होळी अशी पेटली की पाटलाच्या होळीची कोणी आठवणही काढली न्हाई. खाजा लांब उभा राहून बघत होता. मी म्हटलं, "काय रं, इतक्या मोठ्या कुंपणाला दावा पाहिजे होता, अन् पेटायला एक काडी लागली." तो म्हणाला, "आपा, तुमी बोलू नका."

मेंढरं त्याच्या शेतात गेली ती मागच्या शनिवारी. ऊन कलायला लागलं होतं. अर्धं गाव बांधावर. खाजा टोपली घेऊन उभा, पण त्याला टोपली कशी धरायची तेच ठाऊक न्हाई. गौसिया कमरेवर धरायची, हा डोक्यावर घेऊन उभा, तसबिरीतल्यासारखा. भोऱ्या वाटेवर आला अन् थांबला. मागं सगळा कळप थांबला. लिंबाजी हाक मारंना, खाजा हलंना. दोघांत एकाला सुचंल तर शपथ. मग जाहेदानं पुढं होऊन सासऱ्याच्या डोक्यावरची टोपली उतरवली, एक कणीस त्याच्या हातात दिलं अन् त्याचा हात धरून पुढं केला. भोऱ्यानं हात हुंगला. खूप वेळ हुंगला. मग खाल्लं. त्याला कोणी वकील दिला नव्हता, तरी त्याचं बराबर झालं.

दुसऱ्या दिवशी कळप आठ हात वाटेनं डोहावर गेला. मी मोजून आले, पावलांनी. आठ हात पुष्कळ होतात. तुझ्या वीस हातांत तर वरातही उलटी फिरली असती. लिंबाजी वारंग्याचं नाव काढत न्हाई. त्याच्या बायकोनं बांधलेलं बोचकं सोडून गोधड्या वाळत घातल्या, त्या मला इथून दिसून राहिल्या.

तुझ्या कागदाची नक्कल लिंबाजीनं मला दाखवली. अक्षर चांगलं हाय. पण पाचव्या कलमात तू चुकलास. भांडण झालं तर एकमेकांच्या दारात जायचं, असं लिहिलंस. भांडण झालंच न्हाई तर जायचं न्हाई का? मग पुन्हा पहिल्यासारखंच व्हायचं. वकिलाला भांडणाशिवाय दारात जाणं सुचतच न्हाई, याला तू काय करणार.

ते कलम मी माझ्यापुरतं दुरुस्त केलं. उद्या बकरीचं दूध घेऊन जाऊन राहिले खाजाकडं, काही काम नसताना. मागच्या बोळानं न्हाई, पुढच्या वाटेनं. तुला सुट्टी असली तर ये, बोरं अजून थोडी राहिली हायत.

तुझी आजी,
पंचफुला